रिक्ता नवमी

बुधवार, २० मार्च १९९६. चैत्र शुद्ध प्रतिपदा, शके १९१८. पेण.

धाता नाम संवत्सर आज लागले. ब्रह्मध्वजाचे पूजन करून पंचांगवाचन केले. ऐकणारे कोणी नव्हते. सौ. असती तर देवघराच्या उंबऱ्याशी हात जोडून बसली असती. ती गेल्यापासून संवत्सरफल मी भिंतींना ऐकवतो. चिरंजीव प्रवीणने रोह्याहून निरोप धाडला आहे की 'अण्णा, उन्हाळ्यात तरी इकडे या.' पाहू.

बाराच्या सुमारास कान्हू आला. तिवरखार ते कासू चालत आणि पुढे गाडीने. आमच्या घराण्याकडे त्या गावाचे उपाध्येपण पाच पिढ्यांचे. वडिलांबरोबर श्रावणात पोथी सांगायला जात असे, तेव्हा या कान्हूच्या पाटीवर पहिली मुळाक्षरे मीच गिरवून घेतली होती. आता तो अठ्ठावन्न वर्षांचा आहे आणि अजून माझ्यापुढे पाटावर बसत नाही.

दरवर्षी पाडव्याला तो नव्या भाताचे तांदूळ आणतो. यंदा मिठाची पुरचुंडी आणली. मीठ हातावर घेऊ नये म्हणून खाली ठेवायला सांगितले. तो हसून म्हणाला, "यंदा रानात हेच पिकलंय, गुरुजी."

गेल्या आषाढी अमावास्येच्या उधाणात त्यांच्या खाडीकडच्या बांधाला खांड पडली. पहिल्या दिवशी दोन हातांचे असलेले ते भगदाड आता बावीस हातांचे झाले आहे. दिवसातून दोनदा भरती आत येते. खाचरे गेली. डोंगरातून उतरणारा गोडा ओहोळ खारट झाला. तो ज्या पाणथळीत विसावतो आणि जिच्या काठी खणलेल्या डवऱ्याचे पाणी गाव पिते, ती पाणथळही गेली. बायका कासूहून हंडे वाहतात.

"पावसाच्या आदी खांड नाय बांधली तर गाव ऱ्हानार नाय," कान्हू म्हणाला. "सात घरं डोलवीला जेली, चाळीत. आता बांधली तर पावसात रान धुवून निघल. नायतर आणखी एक वरीस, आन् मंग कोन ऱ्हातो?"

गाव जोळ करणार आहे. घरटी एक माणूस, ज्याने त्याने आपली टोपली आणायची, चिखल हातोहात पुढे द्यायचा आणि दोन भरत्यांच्या मधल्या ओहोटीत खांड मिटवायची. पूर्वापार रीत हीच. त्यासाठी दिवस विचारायला तो आला होता.

"वद्य नवमी धरावी म्हन्तो," तो म्हणाला. "भांग हाय." अष्टमीच्या मागेपुढे भरती दुबळी असते, तिला हे लोक भांग म्हणतात.

मी पंचांग उघडून त्याला समजावले. नवमी ही रिक्ता तिथी. रिक्तेला आरंभिलेले कार्य रिकामेच राहते. शिवाय यंदा चैत्री पौर्णिमेला खग्रास ग्रहण असल्याने पुढचे सात दिवसही वर्ज्य. मग उत्तम दिवस कोणता? साडेतीन मुहूर्तांतील अक्षय्य तृतीया. त्या दिवशी केलेल्या कर्माला क्षय नाही. बांधाला याहून मोठा आशीर्वाद कोणता?

कान्हू बराच वेळ जमिनीवर अंगठा घासत राहिला. "तृतीयेला पानी जरा..."

"पाणी वरुणाचे, कान्हू. त्याची आज्ञा मागून काम करायचे."

"तुमी सांगाल ती, गुरुजी."

शिकल्या-सवरलेल्यांत हा विनय आता उरलेला नाही.

रविवार, २४ मार्च.

तिवरखारला जाऊन आलो. प्यायच्या पाण्याचा तांब्या बरोबर नेला होता. तेथले आता कोणाला पिववत नाही, आणि एरवीही मी घरचेच नेतो.

पाहवले नाही. खाचरांवर मिठाचा पांढरा पापुद्रा चढला आहे. पाऊल टाकले की करकरतो. पाणथळीत पूर्वी कमळे होती आणि शिंगाड्यांचे वेल होते. आमच्या वडिलांच्या पूजेला तेथून सोळा कमळे येत. आता तेथे काळा गाळ, त्यावर गाडलेल्या सुरईसारखा एक उपडा हंडा, आणि वास.

बांधावर बायका टोपल्यांना दोऱ्या आवळत बसल्या होत्या. कान्हूची बायको जनी मला पाहून मोठ्याने म्हणाली, "आयले गुरुजी. आता खाडीला सांगा, पंचांग बगून येत जा म्हनावं."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. कान्हू खेकसला, "गप गो."

"का गप? वीस वरसं मिठागरात काढली मी. गुरुजी, आमी पानी आत घेतो ते उधानाला. आन् दार लावतो ते भांगाला. दांडगं पानी असताना कोन दार लावतो? तृतीयेला उधान सरलेलं नसतं अजून."

मीही हसलो. तिचा स्वभाव तोंडाळ असला तरी मन निर्मळ आहे. तिला म्हटले, "जनी, मिठाचे दार निराळे आणि गावाच्या बांधाचे निराळे. हे धर्मकार्य आहे." ती टोपलीकडे वळली. पटले असावे.

अब्दुल आपल्या मचव्यातून खुंट आणि दगड उतरवत होता. चाळीस वर्षे या खाडीत मचवा हाकतो, मधली सहा कुवेतला गेली. त्याने बांधापुढचा मोकळा चिखल दाखवला. "इथं तिवरांची झाडी व्हती, गुरुजी. माझ्या बापाच्या वक्तात मचव्याला वाट नव्हती. लाट तिवरांत मरायची, बांधाला नुसता हात लावून जायची. आपनच तोडली. कुनी चुलीला, कुनी भट्टीला. गावाचं नाव तेवढं ऱ्हायलं." मग त्याने विचारले, "तृतीया पक्कीच काय?"

"पक्की."

तो बोटांवर काहीतरी मोजू लागला. नावाड्यांचे गणित असते. तिथीमागे पाऊण-पाऊण तासाने भरती पुढे सरकते म्हणे.

परतताना मनात आले, चंद्रकलेबरोबर समुद्र कसा उचंबळतो हे पाठशाळेतल्या काव्यपाठात मी किती रसाळपणे शिकवत असे. बांधावर ते सांगावेसेही वाटले होते. पण श्रोते त्या अधिकाराचे नव्हते.

गुरुवार, ४ एप्रिल. चैत्र पौर्णिमा.

पहाटे चंद्र ग्रस्त असताच मावळला. स्नान, जप. तिवरखारच्या कार्याचा संकल्प मनाशी पुन्हा केला.

शुक्रवार, १२ एप्रिल. वद्य नवमी.

पूजासाहित्याची यादी देण्यास तिवरखारला गेलो होतो. एक विलक्षण दृश्य पाहिले.

दुपारचा एक वाजला असेल. सारे गाव बांधावर बसले होते. चाळीस-पन्नास माणसे, बायका वेगळ्या, टोपल्या शेजारी पालथ्या. कोणी काही करत नव्हते. सगळे खांडीकडे पाहत होते. खांडीत गुडघाभर पाणी, तेही तळ्यासारखे उभे. गवताची काडी टाकली तर जागची हलली नसती. इतका शांत जलाशय मी तेथे यापूर्वी पाहिला नव्हता.

मी कान्हूला म्हटले, "आज सुट्टी घेतली वाटते?"

तो उठून उभा राहिला. "नाय गुरुजी. बसलोय."

मला त्यांचे कौतुक वाटले. नेमलेल्या दिवसाआधी हात न लावण्याचा हा संयम! तसे बोलूनही दाखवले. जनी उठली आणि टोपली कमरेवर घेऊन घराकडे निघून गेली. अब्दुल म्हणाला, "चला, पानी फिरलं," आणि मग एकेक जण उठला.

कान्हू कासूपर्यंत पोचवायला आला. वाटेत दोनदा थांबून म्हणाला, "गुरुजी..." आणि दोन्ही वेळा, "नाय, काय नाय." उन्हाने थकला असावा.

शनिवार, २० एप्रिल. अक्षय्य तृतीया.

कान्हू गेला.

सोमवार, २२ एप्रिल.

काल लिहू शकलो नाही. आज लिहितो. घडले तसे लिहिले पाहिजे.

शुक्रवारी संध्याकाळीच तिवरखारला जाऊन शाळेच्या ओसरीत उतरलो होतो. शनिवारी सूर्योदयाला बांधावर पूजा मांडली. गणेशपूजन, पुण्याहवाचन, वरुणाचे आवाहन, क्षेत्रपालाला बली. काहीही संक्षेपाने करायचे नाही असे मी ठरवले होते. खाली खांडीत ओहोटी जोरात वाहत होती. पाणी गावातून बाहेर धावत होते, त्याचा आवाज माझ्या मंत्रांवर चढत होता म्हणून मी स्वर उंचावला. माणसे चिखलात पाय रोवून उभी होती. खुंट दोन रांगांनी ठोकलेले, तट्ट्या बांधलेल्या, पेंढा रचलेला. यजमान म्हणून कान्हू माझ्यासमोर होता, पण त्याचे लक्ष सारखे मागे पाण्याकडे जात होते. दोनदा मी त्याला, "इकडे लक्ष दे," म्हटले.

आठच्या पुढे तो हळूच म्हणाला, "गुरुजी, पानी फिरलं."

मी मंत्रात होतो. हाताने थांब म्हटले.

पावणेनऊला पूर्णाहुती झाली. पहिला चिखलाचा गोळा मी मंत्रून दिला. त्यानंतर जे काम झाले ते मी आयुष्यात पाहिले नव्हते. बायकांची एक रांग, पुरुषांच्या दोन, टोपल्या हातातून हातात उडत होत्या. कोणी ओवी म्हटली नाही, कोणी थट्टा केली नाही. खांड दोन्ही अंगांनी मिटत आली. साडेबाराला मधे फक्त चार हातांचे दार राहिले. बावीस हातांतून आत येणारे पाणी आता त्या चार हातांतून येऊ लागले. ते पाणी नव्हते. त्याला पाठीचा कणा होता.

तट्टी धरून ठेवण्यासाठी कान्हू आणि चार जण दारात उतरले, खांद्याला खांदा लावून, पाठी भरतीकडे करून. मागून चिखल पडत होता आणि पडताच वाहून जात होता. जनी ओरडत होती, "सोडा! सोडा आता! वर या!" कान्हूने मान वर करून माझ्याकडे पाहिले. मी हात उंचावला, आशीर्वादासाठी. त्याला काय समजले, ठाऊक नाही. तो हलला नाही.

सव्वा वाजता तट्टी गेली. मागोमाग सगळी भर गेली. चौघे आतल्या खाचरात फेकले गेले आणि वाचले. कान्हू दिसला नाही. सांजच्या ओहोटीला अब्दुलच्या मचव्याला सापडला. खांडीतून परत जाणाऱ्या पाण्याने त्याला बाहेर ओढून नेले होते आणि बांधापुढे तोडलेल्या तिवरांचे जे खुंट उरले आहेत त्यांत त्याचे धोतर अडकले होते.

खांड आता तीस हात आहे.

गुरुवार, २५ एप्रिल.

तीन दिवस पोथ्या काढून बसलो आहे. दोष कोठे राहिला? आवाहनात स्वर चुकला काय? बलीचा नारळ आतून नासका होता असे कोणी म्हणाले. की कर्त्याला काही अशौच होते आणि त्याने मला सांगितले नाही? मुहूर्त तर निर्दोष होता. पुन्हा पुन्हा तपासला. लग्नशुद्धी, चंद्रबल, सारे चोख. अक्षय्य तृतीयेला केलेले कर्म क्षय पावले कसे?

कान्हूचे सुतक मला लागत नाही. तरी अळणी जेवतो. पाडव्याची ती मिठाची पुरचुंडी अजून कोपऱ्यात तेथेच आहे. उचलावी असे वाटते आणि हात जात नाही.

सोमवार, २९ एप्रिल. दहावा दिवस.

दशक्रियेसाठी तिवरखारला गेलो. कासूहून चालताना मनाशी जुळवत होतो की जनीला काय सांगायचे. आत्मा अविनाशी आहे, प्राक्तन टळत नाही. अशी वाक्ये माझ्यापाशी पुष्कळ आहेत.

बांधाच्या वळणावर पाय थांबले.

खांड बांधलेली होती.

तीस हातांची खांड या टोकापासून त्या टोकापर्यंत मिटलेली, वर ओल्या चिखलाची पाठ, तिच्यावर बोटांचे ठसे. पलीकडे भरतीचे पाणी बांधाला टेकून उभे होते. अलीकडे कोरडे होते.

अब्दुल तेथेच दगड रचत होता. मी विचारले, "हे कधी?"

"परवा."

परवा म्हणजे शनिवार. वैशाख शुद्ध नवमी. रिक्ता. भर सुतकात, पूजेवाचून, नारळावाचून. मी जे जे वर्ज्य सांगितले होते त्यातले काही करायचे राहिले नव्हते.

"कोणी ठरवले?"

"जनीनं. बाराव्यापर्यंत थांब म्हनाले लोक. ती म्हनाली, भांग थांबत नाय." त्याने दगड बसवला. "सकाळी धाला पानी उतरलं, तीनला दार लागलं. कुनाच्या कमरेच्या वर पानी आलं नाय."

मी म्हटले, "मला निरोप का नाही धाडला?"

अब्दुलने हात धुतले. त्याला बोलायचे नव्हते, हे दिसत होते. "गुरुजी, राग धरू नका. निरोप दिला असता तर तुमी आला असता. आन् तुमी आला असता तर आमाला नाय म्हनता आलं नसतं."

क्रिया केली. पिंडदानाचे मंत्र मला तोंडपाठ आहेत, तरी दोन ठिकाणी अडलो. जनी समोर बसली होती. तिच्या दहाही नखांत चिखल होता. निघताना ती ओसरीच्या कडेवरून म्हणाली, "उन्हाचं जाताय. तांब्यात पानी हाय का गुरुजी?"

होते. मी नुसती मान हलवली.

बुधवार, १ मे.

अब्दुलचे वाक्य मनातून जात नाही. आधी वाटले हा अपमान आहे. मग वाटले, यात आदर आहे. आज पहाटे जागा झालो तेव्हा कळले की त्यात दोन्ही नाही. पुराला बांध घालतात तसे ते माझ्याविषयी बोलत होते.

रविवार, १२ मे. वैशाख वद्य नवमी. रोहे.

प्रवीण येऊन घेऊन आला. सूनबाई दीपिका फार जपते. येथे कुंडलिकेच्या घाटावर सकाळ-दुपार बसतो. भरतीचा दाब येथवर चढून येतो. एका पायरीवर कोळशाने खूण करून मी पाणी कधी चढते ते पाहू लागलो. प्रवीणला वाटते अण्णांचे मन रमले.

गेल्या आठ दिवसांची टिपणे अशी. पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला पाणी सर्वांत उंच. तृतीयेला बोटभरही कमी नाही. चतुर्थीपासून उतार. अष्टमीला अर्धी पायरी. आज नवमीला दुपारभर पाणी जणू विचारात पडल्यासारखे. आले कधी, गेले कधी, कळले नाही. आणि दर दिवशी सुमारे पाऊण तास उशिरा. अब्दुलच्या बोटांवर होते तेवढेच.

एकाहत्तर वर्षांत हे मी कधी पाहिले नाही. तिथी मला पुस्तकात भेटत असे; ती पाण्यावरही उमटलेली असते हे ठाऊक असून पाहिले नव्हते.

ज्या ऋषीने प्रथम तिथी मोजली, तो कोठे बसला असेल? देवघरात नसावा. एखाद्या काठावरच बसला असेल, असाच, खूण करून. मग नवमीला रिक्ता कोणी म्हटले? त्याने पाहिली ती कोणत्या गावची नवमी होती?

कान्हू दोनदा "गुरुजी" म्हणून थांबला होता. कासूच्या वाटेवर. मी तेव्हा विचारायला हवे होते की काय.

मंगळवार, ३० जुलै. आषाढ पौर्णिमा. पेण.

गुरुपौर्णिमा. चाळीस वर्षांत कान्हू या दिवशी चुकला नव्हता. धो धो पावसात इरले घेऊन यायचा, ओसरीत निथळत उभा राहायचा आणि "आत ये" म्हटले तरी यायचा नाही.

दार दिवेलागणीपर्यंत उघडे ठेवले. पाणी आत आले. पुसले नाही.

दुपारी अब्दुल बाजारात भेटला. गावाची हकीकत सांगितली. पावसाचे पाणी खाचरांत कोंडून धरतात, चार दिवस मुरवतात आणि ओहोटी पाहून बांधातल्या उघाडीच्या झडपेतून खाडीत सोडून देतात. असे सहा वेळा झाले. दर वेळी जनी जिभेवर थेंब घेऊन पाहते. "सहाव्या पान्याला म्हनाली, आता मीठ लपून बसलंय, पन हाय." यंदा भात नाही. डोलवीला गेलेल्या सातांपैकी दोन घरे परत आली. ओहोळाला मात्र बेडूक आले आहेत.

"जनी कशी आहे?"

"कामाला हाय," तो म्हणाला.

रविवार, १ सप्टेंबर. श्रावण वद्य चतुर्थी.

आज जनी आली. एकटी. या घराच्या ओसरीवर ती पहिल्यांदाच आली असावी. पूर्वी नेहमी कान्हू येई. पदरात काहीतरी होते. ओसरीवर ओतले. तिवराची फळे, हिरवी, बदामाएवढी, काहींना कोंब फुटलेले.

"खाडीत पडायला लागली. बांधापुढं लावायची हाईत. दोन हजार तरी जमवली बायकांनी." मग ती म्हणाली, "दिवस सांगा, गुरुजी."

एप्रिलात जिने मला न विचारता खांड बांधली, ती आता पेणपर्यंत येऊन दिवस का विचारते? रीत म्हणून? की माझी दया येऊन?

पंचांग खुंटीला होते. काढले नाही. "तूच सांग, जनी."

ती खाली फळांकडे पाहत होती. एक उचलून तिने दुसऱ्यांत ठेवले.

"मी सांगला व्हता, गुरुजी. चैतात."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पायांवर डोके तरी ठेवू शकलो असतो.

मी विचारले, "कान्हूलाही ठाऊक होते?"

"नसेल व्हय? जलमभर खाडीवर काढला तेनं."

"मग तो मला का बोलला नाही?"

"मी भांडली तेच्याशी. नवमीला सगळी बसलो व्हतो, तवा बी भांडली. म्हन्ला, पाटीवर अक्षर काढून दिलंय तेंनी, तेंना चूक कसं म्हनू?" तिने पदराने तोंड पुसले. "लई मान व्हता तुमचा तेच्याकडं."

अशा वेळेसाठी जी वाक्ये माझ्यापाशी होती त्यांतले एकही पुढे आले नाही.

"नवमी," मी म्हटले. "येत्या शुक्रवारी. नवमीला भांग आहे."

"व्हय," जनी म्हणाली. "दुपारचं पानी मेलेलं असल. दोन-चार दिस उधान नाय, तवर रोप चिखल धरल."

ती निघाली. कोपऱ्यातली पुरचुंडी मी आज उचलली, हातावर घेतली. संध्याकाळी भातात त्यातले चिमूटभर मीठ घातले. एप्रिलनंतर प्रथमच खारट जेवलो.

शुक्रवार, ६ सप्टेंबर. श्रावण वद्य नवमी.

पेणच्या रस्त्यांवर गणपतींच्या गाड्या भरत होत्या, त्यामुळे स्थानकावर पोचायला उशीर झाला. कासूहून जमेल तितक्या वेगाने चाललो. तांब्या घरी राहिला. मुद्दाम की विसरून, हे मला सांगता येणार नाही.

पूजा केली नाही. सोवळे नेसलो नव्हतो. बायका बांधापुढच्या चिखलात उतरल्या होत्या. काठीने भोक, त्यात फळ, अंगठ्याने दाब, एक पाऊल पुढे. मी उतरू लागलो तशी एक ओरडली, "गुरुजी, रुताल! तुमाला बाहेर काढायला परत जोळ करायला लागंल!" हसू झाले. मीही हसलो. मग सगळ्यांना एकदमच काहीतरी आठवले आणि हसणे थांबले.

गुडघ्यापर्यंत रुतलो, पण उभा राहिलो. अकरा फळे लावली. अकराव्यापाशी एक जुना खुंट होता, तोडलेल्या तिवराचा, काळा, टोकदार. मी त्यावर हात ठेवला. कोणता खुंट ते मी कोणाला विचारले नाही.

तहान लागली होती. जनीने डवऱ्याचे पाणी आणले. मी ओंजळ पुढे केली. तिने क्षणभर पाहिले आणि ओतले. पाणी अजून किंचित खारट आहे.

"फुडल्या पावसात ग्वाड व्हईल," ती म्हणाली.

"बरे आहे," मी म्हटले.

मला फार वाकवत नाही, म्हणून अब्दुलने वर बांधावर एक दगड दाखवला. "इथं बसा. पान्याकडं लक्ष ठेवा. आमाला खाली कळत नाय." कोणाची जागा होती ती, हे त्याने सांगितले नाही, दगड गुळगुळीत झालेला होता.

बसलो. दोन तास दुसऱ्या कशाकडेही पाहिले नाही. जप आठवला, केला नाही. एक वाजून गेला. खाडी आरशासारखी पडली होती. मग एक वाळलेले पान, जे इतका वेळ जागच्या जागी होते, ते हळूच डोंगराच्या दिशेने सरकले. वीतभर. मग हातभर.

खाली सारे वाकलेले होते. कोणाचे लक्ष नव्हते.

"पाणी फिरले," मी म्हटले. आवाज खाली पोचला नाही. पुन्हा, मंत्र म्हणताना चढवतो तेवढा स्वर चढवून, हाक दिली. "जनी, पाणी फिरले! वर या सगळ्या!"

त्या वर आल्या. एकेक करून साऱ्या वर आल्या. मी मोजल्या.